मरीयेचे तीन महिने



लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील ५६ व्या वचनावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. त्याच्या आधी मरीयेचे गीत आहे. ते आपण ख्रिस्तजयंतीच्या दिवसांत वाचतो, संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच्यानंतर योहानाच्या जन्माची हकिकत आहे. या दोन मोठ्या गोष्टींच्या मधे लूक एवढेच सांगून पुढे जातो, की मरीया अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली आणि मग आपल्या घरी परतली.

त्या तीन महिन्यांत काय घडले ते त्याने लिहिलेले नाही. पण घराची परिस्थिती आधीच्या वचनांत स्वच्छ दिलेली आहे. अलीशिबा वयाने उतरलेली आणि पहिलटकरीण. गब्रीएलने मरीयेला बातमी दिली तेव्हा तिला सहावा महिना होता. सहा आणि तीन नऊ. घरातला पुरुष मुका झालेला, खुणांनी बोलणारा. गाव डोंगराळ भागातले. अशा घरात पाणी कोणी भरले असेल, जात्यावर कोण बसले असेल, रात्री अलीशिबेचे सुजलेले पाय कोणी चेपले असतील, हे सांगायला शास्त्री लागत नाही. आणि मरीयेला तेव्हा स्वतःलाच दिवस गेले होते, तेही सुरुवातीचे मळमळीचे दिवस, हे बहिणींनी विशेष लक्षात घ्यावे. ती बाळंतपणाच्या आधी निघाली की नंतर, यावर अभ्यासू लोक वाद घालतात. घालोत. शेवटचे जड महिने तिने तिथे काढले एवढे वचनावरून स्पष्ट आहे.

येत्या ख्रिस्तजयंतीच्या आत आमच्या मंडळीत तीन घरी पाळणा हलायचा आहे. म्हणून या वेळी लिहिते आहे ते बाळंतिणीबद्दल, आणि आपण तिच्या घरी जातो तेव्हा काय करतो त्याबद्दल.

गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे. आता इथे गल्ल्या आहेत, गल्ल्यांवर चढत गेलेले मजले आहेत, गुरुद्वारा आहे, आणि २०१८ च्या जुलैत कोसळलेल्या जुन्या बसस्टँडच्या हँगरची आठवण आहे. एका बाजूला बेगम बाजार, दुसऱ्या बाजूला कोठी. मराठी माणूस इथे निजामाच्या काळापासून राहतो. आपले ख्रिस्ती लोकही त्यातलेच. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवले तेही निजामाच्याच राज्यात, आणि आमच्यातली काही घराणी आपले मूळ त्या बाजूला सांगतात. मुलीही अजून तिकडूनच येतात. जालना, परभणी, नांदेड, लातूर. लग्न होऊन रेल्वेने आल्या, की माहेर एका रात्रीच्या प्रवासावर जाते. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नेम. पण आता कोणाची आई नोकरी करते, कोणाची आजारी असते, कोणाला इथला डॉक्टर सोडायचा नसतो. मग दीड खोलीत, नवऱ्याबरोबर, ती एकटी बाळंतीण.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक होती. तिने हे लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव घालू नका म्हणाली. जालन्याकडची मुलगी. नवरा औषधांच्या गोदामात रात्रपाळीला. दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. त्याच वर्षी तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्यामुळे माहेरी जाणे राहिले, आणि सासू तर नव्हतीच. सिझेरियन झाले. पाचव्या दिवशी ती घरी आली, आठव्या दिवशी मंडळी भेटायला गेली.

मी जिना चढून पोहोचले तेव्हा खोलीत सात जण बसलेले होते. बाळ या हातातून त्या हातात फिरत होते. कोणी म्हणत होते नाक बापाचे घेतले आहे, कोणी म्हणत होते दूध पुरत नसेल म्हणून रडते. एक गीत होऊन गेले होते, प्रार्थना व्हायची होती. बाळाची आई काही दिसेना. ती गॅसपाशी उभी होती. एका हाताने पोट धरले होते आणि दुसऱ्याने नऊ कप चहाचे आधण ढवळत होती.

माझ्या मागोमाग आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका आल्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. त्यांनी चपला काढल्या, आत नजर टाकली आणि आधी गॅस बंद केला. "तू जा गं, आडवी हो." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "प्रार्थना एका मिनिटात आटपा. देवाला लांबण लागत नाही. आणि जाताना एकेकाने एकेक काम घेऊन जा." एकीने लंगोटांची बादली उचलली. एकीने साचलेली भांडी घासली. एका काकांना खालून पिण्याच्या पाण्याचा कॅन आणायला लावला. तालेवार गृहस्थ, पण आणला. पंधरा मिनिटांत खोली रिकामी झाली, बाळ दूध प्यायले आणि मायलेकरू झोपले.

त्या संध्याकाळी आमच्याकडे बाळंतिणीची वही सुरू झाली. साधी शंभर पानी वही आहे. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्या माणसाची कानउघाडणी केली आहे, तो उघड्यानागड्या भुकेल्या भावाला आशीर्वाद देऊन, काही न देता वाटेला लावतो. ती वचने सिस्टरबाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.

वहीचा पहिला नियम असा, की "काही लागलं तर सांग हं" हे वाक्य कोणी बोलायचे नाही. ऐकायला ते प्रेमळ वाटते, पण त्यात सगळे ओझे तिच्यावरच जाते. काय लागते ते तिने ठरवायचे, कोणाला सांगायचे ते तिने ठरवायचे, वर लाज तिनेच सोडायची. रात्री तीनदा उठलेल्या बाईच्या डोक्यात एवढे मावत नाही. शिवाय आपल्या मुलींना मागायला कोणी शिकवलेलेच नाही. म्हणून विचारायचे ते असे: "मंगळवारी अकराला येऊन कपडे धुवायला घेऊन जाते. की बुधवारी येऊ?" तिने फक्त वार सांगायचा.

डब्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण डबे सगळेच देतात आणि त्यात विचार कमी असतो. बाळ अंगावर पीत असते तेव्हा आईचा एकच हात मोकळा असतो, आणि पहिल्या महिन्यात बाळ दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पिते. ताट वाढून घेऊन, मांडी घालून, पोळी मोडून खाणे तिला जमतच नाही. अन्न झाकलेले राहते आणि ती उपाशी राहते. तिच्यासाठी एका हाताने खाता येईल असे करा. पोळीत भाजी घालून गुंडाळी. थालीपीठाचे चौकोनी तुकडे. वरणभात कालवून, वर तूप, आणि डब्यातच चमचा. डिंकाचे लाडू आपण लिंबाएवढे वळतो, ते सुपारीएवढे वळा, एका घासात जातील. हळिवाची खीर वाटीपेक्षा कपात बरी. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून द्या, कोरडी नको.

आणि डबा परत करायची चिंता तिला नको. ज्याचा डबा त्याला धुऊन, वर रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात काहीतरी घालून, ही आपली रीत चांगली आहे, पण बाळंतिणीला ती सव्वा महिना माफ. आम्ही बेगम बाजारातून एकसारखे बारा स्टीलचे डबे आणले. ते मंडळीचे आहेत. आज जो डबा घेऊन जाईल त्याने कालचा, खरकटा असेल तसा, उचलून आणायचा.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. बाळाला पाजायला बसले की आईला कडकडून तहान लागते, आणि नेमका तेव्हा तांब्या दुसऱ्या खोलीत असतो. त्यात आपल्या जुन्या बायका बाळंतिणीला पाणी बेताने देतात, पोट सुटेल म्हणून. सिस्टरबाई यावर चिडतात. दूध करायला पाणी लागते आणि टाके भरून यायलाही लागते. तहान लागेल तेवढे पिऊ द्या. आता प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी आम्ही एक टोपली ठेवतो. तिच्यात पाण्याची मोठी बाटली, लाडवांचा छोटा डबा, चार स्वच्छ फडकी, मोबाइलचा चार्जर आणि तिच्या गोळ्या. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि त्या हमखास विसरल्या जातात, कारण त्या कपाटावर असतात. या टोपलीला पन्नास रुपयेही लागत नाहीत.

खालच्या मजल्यावर एक तेलुगू बाई राहतात. त्या मंडळीतल्या नाहीत. पण वर बाळंतीण आहे हे कळल्यावर त्या लसणाचे तिखट आणि गरम भात घेऊन चढल्या. तेलुगूत बाळंतिणीला बालिंत म्हणतात. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, हा एक शब्द मात्र दोघींचा होता. नंतर दुपारी दोन ते चार बाळ त्यांच्याकडे राहू लागले आणि आमच्या मुलीला सलग दोन तास झोप मिळू लागली. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात बाळंतिणीला देण्यासारखी याहून मोठी भेट नाही. झबली-टोपरी आपण सगळेच नेतो, बाळंतविड्याने कपाट भरते, आणि तीन महिन्यांत ती झबली बाळाला होईनाशी होतात.

सिझेरियनबद्दल थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणातली ६०.७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसतात. देशाचे प्रमाण २१.५ टक्के आहे. ते एवढे का, हा वेगळा विषय. आपल्यापुरते इतकेच, की इथल्या निम्म्याहून जास्त बाळंतिणींच्या पोटावर मोठ्या शस्त्रक्रियेचे टाके असतात. सहा आठवडे तरी बाळापेक्षा जड काही तिने उचलू नये. भरलेली बादली नको, सिलिंडर नको, मोठे मूल कडेवर नको, पुन्हापुन्हा जिना नको. मालिश करणारी बाई लावली असेल तर हातपाय, पाठ चोळू द्या, टाक्यांना हात लावू देऊ नका. मोठे मूल असेल तर त्याला शाळेत सोडणे-आणणे दोन आठवडे कोणीतरी घ्यावे. त्या मुलाशी थोडे खेळावेही. त्याचे राज्य नुकतेच गेलेले असते.

पुरुष मंडळी विचारतात, आम्ही काय करावे? कागद करावेत. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. सरकारी मदतीचे म्हणाल, तर अर्ज, बँकेचे पुस्तक आणि आधार यांच्या नावात एक अक्षर वेगळे निघाले की पैसे अडतात. मराठी आडनाव तेलुगूतून इंग्रजीत जाते तेव्हा त्याचे काय होते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सुलतान बाजारच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात किंवा पेटलाबुर्जला बाळंत झाली असेल तर राज्य सरकारच्या मदतीची चौकशी तिथेच करावी. ती २०१७ मध्ये सुरू झाली होती. लशी जन्माच्या वेळी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना. त्या दिवशी ऑटो आणून दारात उभा करणे, हेही सेवाकार्यच आहे. आमच्या एका निवृत्त कारकून काकांनी हे सगळे खाते आनंदाने घेतले आहे. ते उपासनेत फारसे बोलत नाहीत, पण नगरपालिकेच्या खिडकीपाशी त्यांचा आवाज चढतो.

बापाने काय करावे तेही सांगते. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा योसेफ रात्रीच उठला आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघाला, असे मत्तय सांगतो. उपदेशक इथे योसेफाच्या आज्ञाधारकपणावर बोलतात. मला त्यातले "रात्री उठला" हे जास्त आवडते. बाळाला पाजणे आईशिवाय कोणाला जमणार नाही. पण पाजून झाल्यावर त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे, झोपवणे, हे बापाच्या हाताने अगदी छान होते. आमच्या त्या मुलीचा नवरा सकाळी सातला कामावरून येई आणि नऊपर्यंत बाळ छातीवर घेऊन खुर्चीत बसे. त्या दोन तासांत ती अंघोळ करी, केस विंचरी, गरम चहा गरमच पिई.

आता रीतिरिवाज. मी सगळ्या जुन्या गोष्टींच्या विरुद्ध नाही. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्या आज्यांची मोठी अक्कल होती. लेवीयाच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाल्यावर आईचे जे दिवस मोजले आहेत ते ४० भरतात, आणि आपला सव्वा महिना त्याच्या आसपासच येतो. मरीयेनेही ते दिवस पाळले आणि मग मंदिरात गेली. गरिबाने द्यायचे अर्पण म्हणजे होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिले, तेच तिने नेले. विश्रांती ठेवावी, ओवा-शेपा ठेवावा, डिंक-हळीव ठेवावे, डोक्याला फडके बांधायचे तर तेही बांधावे. पण विटाळ टाकून द्यावा. ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या तरी "तिला अजून देवळात आणू नका", "तिच्या हातचे नको" हे मी याच कानांनी ऐकले आहे. बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या बाईने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला तेव्हा तो विटाळला नाही. तिला मुलगी म्हणून हाक मारली. (मार्क ५.) घरी थांबायचे ते टाके भरावेत म्हणून, थकवा जावा म्हणून, देव तिला लांब ठेवतो म्हणून नव्हे.

बाळाच्या जिभेला मध लावू नका, गुटी देऊ नका, डोळ्यांत काजळ घालू नका, बंद खोलीत शेगडीचा धूर करू नका. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. आणि पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा, ही समजूत तर गवळ्यांच्या नावाच्या वस्तीत तरी असू नये. म्हशीच्या चिकाचा खरवस करून आपण चार घरी वाटतो, आणि आईचा चीक टाकून देतो!

आपल्यात पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घेतात. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आणि केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल सगळे बोलतात. पण एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि ती वर्षाचीही नव्हती तेव्हा, १८८२ च्या सुरुवातीला, रमाबाईंचे पती पटकीने गेले. आईवडील दुष्काळात आधीच गेले होते, भाऊही गेला होता. बंगाल-आसामकडे, तान्ह्या मुलीला घेऊन, सासरमाहेर दोन्ही नसलेली ती चोविशीच्या आतली विधवा. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असे त्यांनी मांडले. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहा दिवस जगले. वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तो पदवीदान समारंभ पाहायला रमाबाई मनोरमेसह गेल्या होत्या. या दोघींची गोष्ट आपण पराक्रमाची म्हणून सांगतो. तिच्या मुळाशी एक रिकामा पाळणा आणि एक एकटी आई आहे.

आता जे लिहायचे आहे ते जड आहे. आमच्या त्या मुलीचे टाके भरले, डबे चालू होते, बाळ वजन धरत होते. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरबाई कपडे द्यायला गेल्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. बाळ रडत होते. त्यांनी बाळाला उचलले आणि नुसत्या शेजारी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सिस्टर, हे रडलं की मला वाटतं दार ओढून घ्यावं, खाली उतरावं आणि निघून जावं. परत येऊच नये."

सिस्टरबाईंनी तिला रागे भरले नाही. "असं किती दिवस वाटतंय?" एवढेच विचारले. दहा दिवस, ती म्हणाली. दहा दिवसांत तिने दोघी-तिघींना सांगून पाहिले होते. उत्तरे मिळाली ती अशी: देवाने ओटी भरली आणि तू रडतेस? स्तोत्रसंहिता वाच. आमच्या वेळी पाच-पाच झाली, आम्ही नाही रडलो.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते आपोआप जाते. पण दोन आठवड्यांपुढे ते टिकले, झोप मिळूनही झोप येत नसेल, अन्न नको वाटत असेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले असेल, तर तो आजार आहे. त्याला औषध आहे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधेही डॉक्टरांकडे असतात. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावे असे मनात येत असेल, तर तिला एक क्षणही एकटी सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो. वहीच्या मलपृष्ठावर तो मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. त्याच्याखाली शरीराच्या धोक्याच्या खुणाही आहेत: तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधी, एकाच पायाला सूज आणि दुखणे, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणे. यातले काही दिसले तर डबा तिथेच ठेवायचा आणि आधी गाडी बोलवायची.

ज्यांना ही गोष्ट विश्वासाच्या कमतरतेची वाटते त्यांनी १ राजे, अध्याय १९ पुन्हा वाचावा. एलीया कर्मेलावर अग्नी उतरवून आलेला संदेष्टा, आणि तो रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवाने त्याला काय पाठवले? एक देवदूत, निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचे भांडे. त्याने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने झोपू दिले. दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला घातले, कारण वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. होरेबावरचे बोलणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाले. झुडपाखाली देवदूताने त्याला एकही वचन पाठ करायला लावले नाही.

आमच्या मुलीला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. औषधे चालू झाली. रात्री तिच्याजवळ कोणीतरी झोपायचे असे ठरले. आम्ही सहा जणींनी पाळ्या लावल्या, तीन आठवडे. महिना-दीड महिन्याने ती मला म्हणाली, "काकू, काल ते हसलं आणि मलाही हसू आलं." औषधे पुढेही बरेच महिने चालली. हे मुद्दाम लिहिते, कारण साक्ष देताना आपण असा भाग गाळतो.

मोठ्या कंपनीत असणाऱ्या बहिणींना २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. पण आमच्यातल्या ज्या घरकाम करतात, बेगम बाजारात दुकानात उभ्या राहतात, त्यांना कोण देणार? गेल्या वर्षी एक जण चाळिसाव्या दिवशी कामावर गेली. तिच्या तीन घरांपैकी दोन घरांचे काम आमच्यातल्या दोघींनी महिनाभर केले आणि पगार तिला दिला. हे दर वेळी जमेल असे मी म्हणत नाही. त्या वेळी जमले.

देवळातही थोडे बदलले आहे. पाळकसाहेबांच्या खोलीत पाठ टेकायची एक खुर्ची, पंखा आणि पडदा आहे. पाजायचे असेल तर तिथे बसावे, बाहेरचे सगळे ऐकू येते. बसायचे नसेल तर बाकावरच पदराखाली पाजावे, कोणी काही म्हणणार नाही. बाळ रडले की मागे वळून पाहणाऱ्यांना पाळकसाहेबांनी मार्काच्या दहाव्या अध्यायाची आठवण करून दिली आहे. बाळांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावले, आणि प्रभू रागावला तो शिष्यांवर.

या रविवारी उपासनेनंतर वही दाराजवळच्या टेबलावर असेल. पहिल्या घरी नववा महिना लागला आहे, म्हणून त्या घरचे वार आधी भरायचे आहेत. सोमवार माझा आहे. बुधवार सिस्टरबाईंचा. रविवारची रात्र त्या जालन्याच्या मुलीने घेतली आहे. तिचे बाळ आता तीन वर्षांचे आहे, तेही बरोबर येणार म्हणते. गुरुवारी कोणीतरी तेलुगूत सही केली आहे, आणि ती सही कोणाची ते मला ठाऊक आहे. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार रिकामे आहेत. पेन दोरीने बांधलेले आहे.